दुसऱ्या मजल्यावरची घसरगुंडी

विमानाची आपत्कालीन घसरगुंडी बैठकीच्या खोलीत फुगवू नये. हे सांगावं लागतं असं कोणाला वाटणार नाही. पण आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर ते वाक्य अजून लावलेलं आहे, खाली सेक्रेटरींची सही आहे, आणि सहीखाली कोणीतरी पेन्सिलीने 'गच्चीवरही नाही' अशी भर घातली आहे. सूचनेत नाव कोणाचंच नाही. तरी आमच्या गोखिवऱ्यात मी भाजी घ्यायला गेले की 'त्या विमानवाल्या वहिनी' अशी माझी ओळख करून दिली जाते. मी आयुष्यात विमानात एकदाच बसले आहे, तेही मधल्या सीटवर.

मूळ प्रश्न साधा होता. माझ्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना, दोन मजले उतरून निर्मळच्या जत्रेला जायचं होतं.

आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे संपावर गेले आणि तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. निर्मळ हे त्यांचं माहेर, बागायतदारांचं घर. कार्तिक वद्य एकादशीला तिथली जत्रा भरते. त्या दिवशी सासूबाई आणि त्यांचे मोठे भाऊ गंगाराममामा यांनी बरोबर देवदर्शन करायचं आणि मग वाडीतल्या ओट्यावर बसून सुकेळी खायची, हा नेम त्यांच्या लहानपणापासून चालत आलेला. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आणि ती मामांच्याच वाडीतली असली पाहिजेत, बाकीची म्हणजे नुसती वाळलेली केळी, असं सासूबाईंचं मत.

मामांचे गुडघेही त्याच घराण्यातले. ते आमचा जिना चढू शकत नाहीत. त्यामुळे गेली दोन वर्षं भाऊबीजेला ते रिक्षाने इमारतीखाली येतात, सासूबाई बाल्कनीतून निरांजन हलवून त्यांना ओवाळतात आणि ओवाळणी, फराळ, सुकेळीचा पुडा ही देवाणघेवाण दोरी बांधलेल्या टोपलीतून होते. बोलणं फोनवर, एकमेकांकडे बघत. यंदा पुडा टोपलीत ठेवून मामा फोनवर म्हणाले, "द्वारके, जत्रेला ये गं. पुढच्या वर्षीचं कोणी बघितलंय?"

टोपली वर आली तरी सासूबाईंनी ती उचलून घेतली नाही. दिवेलागणीपर्यंत त्या तशाच बाल्कनीत बसून होत्या. यंदा त्यांना निर्मळला न्यायचंच, हे मी तेव्हा ठरवलं.

खुर्चीत बसवा आणि चौघांनी उचलून न्या, हा सल्ला आम्हाला इमारतीतल्या प्रत्येक घराने दिला होता. सासूबाईंचं त्यावरचं उत्तर पक्कं होतं. "चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. वेळ आली की न्यालच. आत्तापासून सवय कशाला?" दोघांनी उचलावं, तर जयवंतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कंबर रिकामी खुर्ची उचलतानाच बोलली. स्ट्रेचरचा विषय काढला तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. जिन्याला बसवायच्या सरकत्या खुर्चीची मी चौकशी केली. मापं घ्यायला आलेला माणूस जिन्याच्या वळणावर उभा राहून हसला आणि चहा घेऊन निघून गेला.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आहे आणि एका रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रश्न मांडला की उत्तर असतंच, अशी माझी समजूत होती.

उत्तर तळमजल्यावरच्या जितेशने आणलं. त्याचं औद्योगिक वसाहतीत लेथचं वर्कशॉप आहे आणि भंगाराच्या गोदामांतून फिरणं हा त्याचा छंद. एका गोदामात त्याला एक मोठं गाठोडं दिसलं. मोडीत काढलेल्या मोठ्या विमानातली, दारात बसवायची घसरगुंडी, घडी घातलेली, सिलिंडरसकट. संकटात दार उघडलं की ती बाहेर पडते, काही सेकंदांत फुगते आणि प्रवासी घसरत खाली जातात. मोठ्या विमानाचं दार साधारण दुसऱ्या मजल्याच्या जवळपास उंच असतं. हे त्याने सहज सांगितलं. मी त्या रात्री कोन काढून पाहिला. थोडा तीव्र येत होता, पण अशक्य नव्हता.

सासूबाईंना मी फोनवर घसरगुंडीचा व्हिडिओ दाखवला. लोक छातीवर हात घेऊन बसल्या बसल्या खाली जात होते. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "हे बरं आहे. कोणी उचलत नाही. आपलं आपण जायचं." त्या दिवसापासून दुपारी दिवाणावर बसून त्या छातीवर हात घेण्याचा सराव करू लागल्या. व्हिडिओच्या शेवटी काही प्रवाशांचे घोटे मोडतात अशी माहिती होती, तीही मी त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, गुडघे गेलेत, घोट्यांना मी काय जपायचं?

माझी योजना काळजीपूर्वक केलेली होती, हे मला इथे नोंदवलं पाहिजे, कारण पुढे कोणीच ते लक्षात ठेवलं नाही. सिलिंडरमधला दाबाखालचा वायू मी वापरणारच नव्हते. सिलिंडर काढून टाकायचा, घसरगुंडी बाल्कनीच्या ग्रिलच्या दरवाजातून खाली सोडायची आणि लहान मुलांच्या उड्या मारायच्या रबरी महालाला लावतात त्या पंख्याने ती सावकाश फुगवायची. खाली गाद्या. सासूबाईंच्या मागे मी बसणार, कमरेला दोर.

अडचण आली ती खालच्या टोकाची. माझ्या आकृतीत ते टोक सिद्धेशच्या गाडीच्या बॉनेटवर येत होतं. सिद्धेश म्हणजे आमचे सेक्रेटरी, आणि गाडी नवी. गाडी तासभर हलवायला त्यांची हरकत नव्हती, पण हलवल्यामुळे जागेवरचा हक्क सुटत नाही असा ठराव त्यांना हवा होता. ठरावासाठी सभा बोलावली. सभेत तिसऱ्या मजल्याने विचारलं की दुसऱ्या मजल्याला घसरगुंडी मिळत असेल तर तिसऱ्याला का नाही, मेंटेनन्स तर सारखाच. तळमजल्याने मेंटेनन्समध्ये सूट मागितली. शेवटी परवानगी लागते का ते बघून या, म्हणून जयवंतला एका कचेरीत पाठवलं. तिथे त्याला विचारलं, बांधकाम कायमचं की तात्पुरतं. फुगवलेलं, असं त्याने खरं सांगितलं. त्यांनी त्याला मंडपांच्या खिडकीकडे पाठवलं, आणि मंडपांच्या खिडकीने आधी लाउडस्पीकरचा ना-हरकत दाखला आणा म्हणून परत पाठवलं. जयवंत घरी येऊन म्हणाला की आपण लाउडस्पीकर लावणार नाही हे ते लिहून घ्यायला तयार नाहीत, कारण न लावण्याची परवानगी द्यायची सोय नाही.

या सगळ्यात आमचे तांत्रिक सल्लागार होते ॲन्सेल्म अंकल. पहिल्या मजल्यावर राहतात, विमानतळावरून निवृत्त झालेले. इमारतीत विमानाचा विषय निघाला की सगळे त्यांच्याकडे बघतात. त्यांनी आयुष्यभर विमानात जेवणाच्या ट्रॉल्या चढवल्या, हे कोणी विचारत नाही आणि तेही आपणहून सांगत नाहीत. "ही वस्तू साधी नाही हां मॅडम," ते मला म्हणाले. "एकदा एका नव्या पोराने बंद करायचं ते बंद न करता दार उघडलं. घसरगुंडी सरळ आमच्या गाडीवर. अडीचशे माणसांचं जेवण, व्हेज-नॉनव्हेज एक झालं." मी विचारलं, ती मिटवली कशी. त्यावर ते म्हणाले, ते आमच्या डिपार्टमेंटचं काम नव्हतं.

एकादशी आली आणि गेली. ठराव झाला नव्हता. जत्रा आठवडाभर चालते, म्हणून मी रविवार पक्का केला आणि शुक्रवारी संध्याकाळी गाठोडं घरी आणवलं. ते इतकं जड होतं की फळीवर ठेवून, वर चादर घालून, चार हमालांनी खांद्यावरून जिन्याने वर आणलं. तिसऱ्या मजल्यावरची पॉलिन टीचर कामावरून येत होती. ती भिंतीला लागून बाजूला झाली, तिने छातीवर क्रूस केला आणि हळूच विचारलं, कोण गेलं. सासूबाई दारातून बघत होत्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "अस्संच दिसलं असतं."

सिलिंडरवर दाब दाखवणारा काटा होता आणि तो हिरव्या पट्ट्यात होता. भंगारवाल्याचं म्हणणं, काटा अडकलाय. विमान मेलं, त्याचा काटा कसा जिवंत राहील? मी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. म्हणजे दोन शक्यता: काटा खोटा, किंवा काटा खरा. सिलिंडर निघेपर्यंत तो खराच मानायचा, हेच शास्त्राला धरून होतं आणि मी तसंच मानलं. सिलिंडर काढायला लागणारा पाना जितेश शनिवारी सकाळी आणणार होता. तोपर्यंत गाठोडं बैठकीत, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी, भिंतीला टेकवून ठेवलं. हाताने फुगवायची लाल मूठ बाहेर लोंबत होती. तिच्यावर मी ठळक अक्षरांत चिठ्ठी डकवली: हात लावू नये.

सासूबाईंनी ती चिठ्ठी वाचली होती. पण तसली चिठ्ठी आमच्या घरात लोणच्याच्या बरणीवरही आहे, ती त्यांनीच लावलेली, आणि घरात त्यांच्याशिवाय कोणी त्या बरणीला हात लावत नाही. अशा सूचना इतरांसाठी असतात, असं त्यांचं म्हणणं पुढे आलं.

शिवाय माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. गुडघे गेलेलं माणूस घरातल्या वस्तूंकडे वस्तू म्हणून बघत नाही. खिडकीचा गज, टेबलाची कड, कपाटाचा दांडा, सगळं उठताना धरायचं असतं. खुर्चीशेजारी, हाताच्या बरोबर उंचीवर, एक भक्कम लाल मूठ कोणीतरी आणून ठेवली होती.

शनिवारी सकाळी फोन वाजला. तो शोकेसवर होता आणि मामांचाच असणार, हे सासूबाईंना माहीत होतं. मी स्वयंपाकघरात होते, जयवंत फ्रिजजवळ चहा घेऊन उभा होता, जितेश पाना घेऊन उघड्या दारात पोचला होता. सासूबाईंनी मूठ धरली आणि जोर लावून उठल्या. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच कोणाच्या मदतीशिवाय उठल्या होत्या, हे नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनासुद्धा.

काटा खरा होता.

आधी खोकल्यासारखा आवाज झाला. मग मोठा फूत्कार, आणि गाठोडं जागं झालं. सिलिंडरमधला वायू पुरेसा नसतोच, तो आजूबाजूची हवा झडपांतून आत ओढून घेतो, ही रचना मी पूर्वी वाचली होती आणि मला आवडलीही होती. आता तिने आमच्या बैठकीतली हवा ओढून घेतली. पिवळ्या-करड्या रंगाचा एक अजस्र लोड टीव्हीवर चढला, शोकेस कवेत घेतलं आणि वाट मिळेल तिकडे निघाला. वाट दाराची होती. जितेश पाना हातात धरून अर्धा जिना उलट उतरला. घसरगुंडीचं पुढचं टोक जिन्याच्या वळणात जाऊन घट्ट बसलं, बाटलीला बूच बसावं तसं. तिसऱ्या मजल्याचा जगाशी संबंध तुटला. जयवंत फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये चेपला गेला. चहा सांडला नाही, असं तो अजूनही सांगतो. मी स्वयंपाकघराच्या दारात अडकले. माझ्या नाकापासून बोटभर अंतरावर एक चित्र छापलेलं होतं: उंच टाचांचा बूट आणि त्यावर लाल फुली.

"आई," मी हाक मारली.

"बाल्कनीत आहे," आवाज आला. लोडाने त्यांना सावकाश ढकलत नेऊन बाल्कनीतल्या आरामखुर्चीत बसवलं होतं. "सुहास, हे रविवारी होतं ना?"

पुढचा तासभर सल्ल्यांचा होता. जितेश खालून ओरडला की सुरी मारतो. मी नको म्हटलं, एवढा दाब एकदम सुटला तर काय होईल सांगता येत नव्हतं. तिसऱ्या मजल्याने विचारलं, दूधवाल्याला टोपली सोडायची का. ॲन्सेल्म अंकलनी जिन्यात उभं राहून सर्वांना शांतपणे आपापल्या जागी बसून राहायची विनंती केली. हवा आत घेणाऱ्या झडपेत हात घालून ती उघडी धरली तर हवा निघेल, हे मला ठाऊक होतं. फक्त माझ्या बाजूची झडप फ्रिजपलीकडे होती आणि मध्ये जयवंत.

अग्निशमन दलाला सिद्धेशनी फोन केला. विमानाचा भाग इमारतीत घुसलाय, एवढंच ते घाईत बोलले. तीन गाड्या आल्या, एक रुग्णवाहिका आली, आणि त्यांच्यामागे निम्मं गोखिवरं. कोणीतरी मोबाईलवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. दलाचा प्रमुख शिडीने बाल्कनीत चढला, त्याने आत डोकावून पाहिलं. मग त्याने विमान कुठे आहे म्हणून विचारलं. सासूबाईंनी त्याला पाणी हवं का विचारलं.

मी आतून झडपांची जागा ओरडून सांगितली. त्यांनी बाल्कनीकडची झडप उघडी धरली. लोड सुस्कारे टाकत बसत गेला, जिना मोकळा झाला, जयवंत चहासकट सुटला. सगळं निभावलं असं वाटत असतानाच प्रमुखाला सासूबाईंचं सुजलेलं मनगट दिसलं. मूठ ओढताना त्यांना दुखापत झाली होती आणि त्या बोलल्या नव्हत्या. दवाखान्यात न्यायलाच हवं, असं तो म्हणाला. चार जवान हँडलांची खुर्ची घेऊन आले.

सासूबाईंनी त्या चौघांकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या.

"आजी, हे आमचं रोजचं काम आहे."

"तुमचं रोजचं असेल. माझं एकदाच आहे."

त्याने समजावलं, जयवंतने हात जोडले, खालून मोबाईलवाला मोठ्याने विचारत होता की आजी जिवंत आहेत का. सासूबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या हट्टाला पेटल्या नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. दोन वर्षं आम्ही सगळे त्या वाक्याला हसत होतो.

मी जाऊन खुर्चीच्या पाठीचा मधला दांडा धरला.

"आता पाच आहोत, आई," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. चांगल्या हाताच्या बोटाने एकेकाला मोजलं, मलाही. "पाच," त्या म्हणाल्या. "मग चला."

जिना उतरायला किती थोडा वेळ लागला, ते मी मोजलं नाही. कोन, दाब, बॉनेटपासूनचं अंतर, सगळं मी काढून ठेवलं होतं. चारात एक मिळवून पाहिला नव्हता. त्यासाठी एम.एस्सी. लागत नाही. बहुधा ती नसलेलीच बरी.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर झालं, रक्तदाब वाढला म्हणून ठेवून घेतलं, आणि घरी सोडलं तो जत्रेचा शेवटचा दिवस निघाला. आम्ही घरी न जाता रिक्षा सरळ निर्मळला वळवली. दुकानांचे बांबू सुटत होते, पाळणा अर्धा उतरवला होता. सासूबाईंनी रिक्षातूनच देवाला हात जोडले, एक हात प्लास्टरमध्ये होता तसाच.

गंगाराममामा ओट्यावर बसले होते. ओटा तोच होता. समोर राजेळी केळी नव्हती. तिथे हिरव्या प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, कडेने दिव्यांच्या माळा होत्या आणि मधोमध लग्नाचं स्टेज. मामांच्या नातवाने, अनुजने, वाडीचं लॉन केलं होतं.

सासूबाई जयवंतच्या आणि माझ्या आधाराने ओट्यावर बसल्या. बहीणभाऊ त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते. मला जमेल तसं लिहिते.

"केळी कधी काढली?"

"तू यायची थांबलीस त्याच वर्षी," मामा म्हणाले. "शेवटचे घड तुझ्यासाठी ठेवले होते. मग काढले."

"आणि ही सुकेळी? टोपलीतली?"

"जत्रेतली. विकत."

"चव लागली होती वेगळी," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ऊन बदललं."

अनुजने एक पुडा आणून ठेवला. प्लास्टरमुळे त्यांना सुकेळं मोडता येईना, म्हणून मी मोडलं. तीन तुकडे केले, शक्य तितके सारखे. पाळण्याचे दांडे एकमेकांवर पडल्याचा आवाज येत होता. मामांनी आपला तुकडा तोंडात टाकला आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "उशीर केलास, द्वारके."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि थोडं सरकून मला ओट्यावर जागा केली.

"सून शास्त्र शिकलेली आहे," त्या म्हणाल्या. "तिला वेळ लागतो."